कपिलधारेचें समूहगान

बीड जिल्ह्यांत सोलापूर-धुळे महामार्गावर मांजरसुंबा हें गांव लागतें. तेथून जवळच बालाघाटाच्या डोंगरांत कपिलधार हें तीर्थ आहे. 'परमरहस्य' या ग्रंथाचे कर्ते, वीरशैव संतकवि मन्मथस्वामी यांची समाधि तेथें असून कार्तिकी पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राप्रमाणेंच कर्नाटकांतूनही दिंड्या येतात आणि टाळ-मृदंगाच्या घोषानें डोंगर दुमदुमून जातो.

शहरांतील रसिकास गायनाची बैठक परिचयाची असते. तेथें एक गातो, बाकीचे ऐकतात. दिंडींत मात्र पुढील गायक चरण उचलतो आणि पाठीमागचे सारे कंठ ध्रुवपद घेतात. कोणाचा आवाज गोड, कोणाचा जाडाभरडा, हा प्रश्नच तेथें उरत नाहीं.

इतके कंठ एका लयींत राहतात कसे? ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर लांबीच्या दिंडींत पुढची थाप शेवटच्या माणसास सेकंदाच्या दशांशाइतकी उशिरां ऐकूं येते. जो तो केवळ कानावर विसंबला, तर लय मागें ओढली जाईल. म्हणून टाळकरी मृदंग्याच्या हाताकडे आणि शेजाऱ्याच्या पावलाकडे पाहत चालतो.

पाश्चात्त्य वाद्यवृंदापुढेंही हीच अडचण असते. तेथें ती संचालकाच्या हातांतील कांडी दूर करते. बीथोव्हेनची नववी सिंफनी ७ मे १८२४ रोजीं व्हिएन्ना येथें प्रथम सादर झाली. तिच्या अखेरच्या भागांत वाद्यांना गायकवृंदाची जोड आहे. बहिरा झालेला रचनाकार त्या दिवशीं व्यासपीठावर उभा होता. परंतु वादकांनीं लक्ष ठेवावयाचें तें उमलाउफ या संचालकाकडे, अशी व्यवस्था होती. डोळ्यांवांचून इतकें मोठें संगीत उभें राहत नाहीं.

असें संगीत ऐकण्यास परदेशींच गेलें पाहिजे, असेंही नाहीं. मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं मुंबईंत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. २००६ सालीं तेथेंच राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रांत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला.

रेडिओ घरबसल्या नाद आणून देतो. परंतु एकमेकांकडे पाहून तो सांभाळणारीं माणसें त्यांत दिसत नाहींत. यास्तव सुशिक्षित कुटुंबांनीं मुलांबाळांसह एकदां तरी अशा ठिकाणीं प्रत्यक्ष जावें. मुंबईच्या सभागृहांत निःशब्द बसून ऐकावें. कपिलधारेस मात्र टाळ हातीं घ्यावा. ताल चुकला, तरी शेजारचा टाळकरी नजरेनेंच सांभाळून घेतो.