गोळी पाचावर होती
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, साहेबलोक आहेत. मी फ्रिज-एसी दुरुस्त करणारा. ‘तू कशावर बोलशील?’ असं संयोजकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, मशीनवर बोलतो, दुसरं मला काही येत नाही. ते मशीन म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. २०२१ साली आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते आलं आणि आज माळ्यावर नाहीतर पलंगाखाली पडून आहे. म्हणून हा विषय.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो, हे सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. आपण पाठ केलं, मार्क मिळवले आणि विसरलो. हे मशीन त्याच एका वाक्यावर चालतं. ते ऑक्सिजन तयार करत नाही, नायट्रोजन बाजूला काढतं. आत एक कॉम्प्रेसर असतो. तो खोलीतली हवा ओढून दाबाखाली एका टाकीत ढकलतो. टाकीत झिओलाइटचे बारीक दाणे असतात. ते दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. दाणे भरत आले की व्हॉल्व्ह फिरतो, हवा दुसऱ्या टाकीत जाते आणि पहिली टाकी नायट्रोजन बाहेर सोडते. दर काही सेकंदांनी ‘फुस्स’ असा आवाज येतो, तो हाच. चांगलं मशीन ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन देतं.

आता माझी चूक सांगतो. वडिलांना फुप्फुसांचा जुना आजार. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितला. मी एक वापरलेलं मशीन स्वस्तात आणलं. हवा कमी येत होती. मी म्हटलं, कॉम्प्रेसर तर आपला रोजचा धंदा. उघडला, तर पिस्टनचे कप सील झिजलेले. नवे बसवले, गास्केट बदललं. मशीन सुरू केलं आणि फ्लोमीटरमधली गोळी टणकन पाचावर गेली. नळी गालाजवळ धरली, तर गार वारा लागला. घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

रात्री वडिलांची धाप वाढली. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८४ च्या वर जाईना. मी पुन्हा पुन्हा गोळीकडे बघत होतो. गोळी पाचावरच. आई म्हणाली, ‘अरे, मशीनकडे काय बघतोस, त्यांच्याकडे बघ.’ शेवटी सिलिंडर आणून लावला. वीस मिनिटांत आकडा ९२ वर आला. वडील वाचले. पण माझ्या दुरुस्तीमुळे नाही, आईच्या त्या एका वाक्यामुळे.

दुसऱ्या दिवशी या मशीनांचं काम करणारा तंत्रज्ञ आला. त्याने ऑक्सिजन मोजायचं यंत्र नळीला लावलं. आकडा आला ६१. माझ्या मशीनला शुद्धता मोजणारा सेन्सरच नव्हता, म्हणून भोंगाही वाजला नाही. ते मशीन आधीच्या घरी दोन पावसाळे बंद पडून होतं. आपल्या कोकणातली दमट हवा आत शिरली. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाण्याची ओढ जास्त. एकदा दाण्यांनी ओल धरली की नायट्रोजन धरायला जागा उरत नाही. कॉम्प्रेसर ठणठणीत, वारा भरपूर, आणि त्यात ऑक्सिजन अपुरा.

त्या दिवसापासून मी त्याच्या हाताखाली हे काम शिकलो. तीन-चार गोष्टी लक्षात ठेवा.

बाहेरची स्पंजची जाळी आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. आतला फिल्टर मात्र धुवायचा नसतो, बदलायचा असतो. पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी रोज नवं भरा.

झिओलाइटच्या टाक्या बदलायच्या तर दोन्ही एकदम. नव्या टाकीची टोपणं बसवायच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत. आणि आधी जुन्या का खराब झाल्या ते शोधायचं. कुठे सांधा गळतोय, कुठला व्हॉल्व्ह अडकतोय? नाहीतर नव्या टाक्याही त्याच वाटेने जातात. दुरुस्तीनंतर मशीन अर्धा तास चालवून प्रत्येक फ्लोला ऑक्सिजन मोजायचा. मोजल्याशिवाय मशीन रुग्णाला लावायचं नाही.

हे काम घरी करू नका. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज राहते. ऑक्सिजनच्या मार्गाला तेल-ग्रीस लावणं तर जिवावरचं. मशीन चालू असताना त्या खोलीत देवाची समईसुद्धा नको. आणि फ्लो किती ठेवायचा हे डॉक्टर ठरवतील. धाप लागली म्हणून आपल्या मनाने गोळी वर चढवू नका. काही रुग्णांना जास्त ऑक्सिजनच बाधतो.

आता मागणं. आज घरी गेल्यावर ते माळ्यावरचं मशीन खाली काढा. ते कुणाला देण्याआधी, शेजाऱ्याला चार दिवसांसाठी देण्याआधीसुद्धा, त्याचा ऑक्सिजन मोजून घ्या. चांगलं निघालं तर महिन्यातून एकदा काही तास चालवा, म्हणजे दाणे कोरडे राहतील. आपल्या बॅचने वर्गणी काढून मोजायचं एक यंत्र घ्यावं आणि ते शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवावं. मोजायला मी येईन, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, एक पैसा न घेता. आठवी-नववीची मुलं भोवती उभी राहिली तर त्यांनाही ते ७८ आणि २१ नुसतं पाठ करावं लागणार नाही.

वडील त्यानंतर दोन वर्षं होते. रात्री ‘फुस्स’ आवाज आला की म्हणायचे, ‘चाललंय रे तुझं मशीन.’ मी ‘हो’ म्हणायचो, आणि तरी उठून एकदा त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचो.