खोकल्याची बाटली आणि थुंकीची तपासणी



क्षयरोगाचें निदान उशिरां झालें कीं, त्याचा दोष बहुधा रोग्याच्या माथीं मारला जातो. तो अडाणी, तो निष्काळजी, तो रोग लपवितो, असें आपण सहज म्हणून जातों. या आरोपाची परीक्षा मागें एकदां झालेली आहे.

बंगलोर येथें १९५९ सालीं राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. तेथील बॅनर्जी व अँडरसन या संशोधकांनीं शेजारच्या तुमकूर जिल्ह्यांतील क्षयरोग्यांच्या मुलाखती घेऊन त्यांचे निष्कर्ष १९६३ सालीं प्रसिद्ध केले. बहुतेक रोग्यांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. निम्म्याहून अधिक रोगी तर आपण होऊन दवाखान्यांत गेलेले होते. मग निदान कां झालें नाहीं? तेथें त्यांच्या हातीं बहुधा खोकल्याच्या औषधाची बाटली पडली. थुंकी तपासावी असें कोणास वाटलें नाहीं. रोगी दाराशीं येऊन परत गेला.

निदानास जितका विलंब, तितकी फुप्फुसांची हानि अधिक आणि घरांतील मुलांबाळांस संसर्गाचें भय अधिक. म्हणून दोन आठवडे खोकला न हटल्यास थुंकी तपासलीच पाहिजे. बारीक ताप, रात्रीं घाम, वजन घटणें, थुंकींतून रक्त पडणें, हींहि लक्षणें ध्यानांत ठेवावीं. जंतूंचें जनुकद्रव्य ओळखणाऱ्या यंत्रानें सुमारें दोन तासांत निर्णय मिळतो, आणि रिफॅम्पिसिन हें मुख्य औषध लागू पडेल कीं नाहीं, हेंहि कळतें. सरकारी दवाखान्यांत तपासणी व औषधें विनामूल्य आहेत.

तथापि केवळ दार उघडें ठेवून भागत नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय पाहणींत लक्षणें असलेल्यांपैकीं सुमारें ६४ टक्के लोक कोठेंच उपचारासाठीं गेले नव्हते असें आढळलें. शिवाय जे रोगी सांपडले, त्यांतील दर शंभरीं सुमारें ४२ जण छातीचें क्ष-किरण चित्र काढलें नसतें तर हातचे निसटले असते. ज्यास कांहींच त्रास जाणवत नाहीं, तो दवाखान्यांत यावा तरी कशासाठीं? आणि ज्याची दिवसाची मजुरी बुडते, तो आज जाईन, उद्यां जाईन असें म्हणणारच. यासाठीं हलतें क्ष-किरण यंत्र घेऊन आरोग्यसेवकांनींच वस्तींत गेलें पाहिजे.

आपल्या घरांत कोणाचा खोकला पंधरा दिवस टिकला, तर केवळ बाटली घेऊन परतूं नका. "माझी थुंकी तपासा," असें स्पष्ट सांगा. तें मागणें आपल्या हक्काचें आहे.