पडद्यावरचा कॅप्टन नेमो

पाणबुडीतून सातासमुद्रांखाली फिरणाऱ्या कॅप्टन नेमोची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. पण फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नचा हा नायक आपल्या बुंदेलखंडचा, हे किती जणांना ठाऊक आहे?

१८७० साली पुऱ्या झालेल्या पहिल्या कादंबरीत व्हर्नने त्याचे कुळ गुप्त ठेवले. ते उघड झाले १८७५ साली पुऱ्या झालेल्या, गूढ बेटाच्या कादंबरीत. नेमो म्हणजे राजपुत्र डक्कार. दहाव्या वर्षी युरोपात शिकायला गेला, १८५७ साली इंग्रजांशी लढला आणि बायकामुलांसह सर्वस्व गमावून बसला. झाशीच्या राणीचा मुलूख तोच याचाही.

१९१६ साली अमेरिकेतल्या युनिव्हर्सल कंपनीने दोन्ही कादंबऱ्या एकत्र गुंफून मूकपट काढला. दिग्दर्शक होते स्टुअर्ट पेटन. आता अडचण अशी, की समुद्राच्या पोटात कॅमेरा न्यायचा कसा? ती सोडवली विल्यमसन बंधूंनी. त्यांच्या वडिलांनी लोखंडी कड्यांची एक नळी बनवली होती. लोहाराच्या भात्यासारखी ती लांबे आणि आखडे. वरचे टोक नौकेला, खालच्या टोकाला काचेची खिडकी असलेली खोली. माणसाने नळीतून खाली उतरायचे आणि कोरड्या अंगाने खिडकीतून चित्रे घ्यायची! जागाही निवडली बहामा बेटांची, कारण तिथले पाणी नितळ, ऊन खोलवर पोचते. गुरुजींनी विज्ञानाच्या तासाला जरूर सांगावे असे हे उदाहरण आहे.

पण एक गोष्ट मनाला खटकते. चित्रपटात नेमो हिंदी राजपुत्रच आहे, मात्र त्याच्या दुःखाचे मूळ बदलले आहे. डेन्व्हर नावाचा एक दुष्ट व्यापारी त्याच्या राणीवर हात टाकतो, मुलगी पळवतो, आणि नेमो त्याचा सूड घ्यायला निघतो. परक्या सत्तेविरुद्धचा संताप असा घरगुती वैरात आटून गेला. नेमोचे काम केले तेही ॲलन होलुबार या अमेरिकन नटाने, तोंडाला रंग फासून.

कुणी म्हणेल, मुक्या पडद्यावर पारतंत्र्य कसे दाखवणार? अहो, मूकपटालाही मजकुराच्या पाट्या असतातच की! चार ओळींना जागा होती.

२०१६ साली अमेरिकेने हा चित्रपट आपल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत घेतला. पाण्याखालच्या त्या कामगिरीला हा मान शोभतो. तेव्हा मुलांना चित्रपट अवश्य दाखवा. पण त्याआधी नकाशावर बुंदेलखंड दाखवा, आणि १८५७ साली तिथे काय घडले, तेही सांगा.