उपासनेतला पंक्तिप्रपंच



तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत पापनाशम् लागतं. कावेरीकाठचा हा मुलूख पावणेदोनशे वर्षं व्यंकोजींच्या घराण्याशी जोडलेला होता, हे आपल्याला ठाऊक असतं. याच मुलखात ख्रिस्ती उपासनेच्या शिस्तीवरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद पेटला. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी शास्त्र काय सांगतं ते पाहू. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या प्रकरणात पौल नियम घालून देतो. अन्य भाषेत बोलायचं तर दोघा-तिघांनी, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावं. संदेश देणाऱ्यांनीही एकेकाने बोलावं. सगळं शिस्तीने व्हावं, असा त्याचा समारोप आहे. हा समारोप पाळकांना तोंडपाठ असतो. पण त्याआधी अकराव्या प्रकरणात पौल रागावलेला आहे. करिंथात काही जण आधी जेवून घेत आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. एकमेकांसाठी थांबा, असं तो त्यांना बजावतो. गोंगाट आवरण्याआधी त्याने पंक्तिप्रपंच आवरला, हा क्रम महत्त्वाचा आहे. चौदाव्यात स्त्रियांना गप्प बसवणाऱ्या ओळी आहेत, त्याही अकराव्याशेजारी ठेवून वाचाव्या लागतात. तिथे स्त्रिया सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात, हे पौल गृहीत धरतो. याकोबाचं पत्र तर थेट बैठकीवरच बोट ठेवतं: श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी, हे पक्षपाताचं पाप आहे.

आता तंजावर. १७९८ मध्ये वारलेले जर्मन मिशनरी श्वार्ट्झ हे व्यंकोजींच्याच घराण्यातल्या सरफोजीराजांचे गुरू. त्यांच्या तालमीत वाढलेला दुसरा शिष्य म्हणजे तमिळ कवी वेदनायक शास्त्री. सरफोजीराजांचा त्यांना आश्रय होता. श्वार्ट्झच्या काळी चर्चमध्ये जातीजातींच्या बैठका वेगळ्या होत्या, आणि ते चालवून घेतलं जाई. पुढच्या पिढीच्या मिशनऱ्यांनी ते मोडायला घेतलं, तेव्हा शास्त्रीबुवांनी १८२९ च्या सुमारास लेखणी उचलली. त्यांच्या तक्रारी चार होत्या: बायबलचं जुनं तमिळ भाषांतर बदललं, जातींना सक्तीने एकत्र केलं, मंगल प्रसंगी फुलं बंद केली आणि उपासनेतली तमिळ गीतं काढली. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हुकूमच काढला की चर्चमधला जातिभेद ताबडतोब संपला पाहिजे. पुष्कळ लोक दुरावले. काही पुढे लूथरन मिशनकडे वळले.

या वादात दोन्ही पक्षांनी दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली, असं मला वाटतं. शास्त्रीबुवांनी बैठकीचा भेद आणि गाण्याची परंपरा एकाच यादीत घातली. मिशनऱ्यांनी जातीबरोबर फुलं आणि रागदारीही उपटायला काढली. पौलाची कसोटी लावली की ही गाठ सुटते. जे चाललंय त्याने सगळ्या मंडळीची उभारणी होते का? नसलेल्याला त्यात लाज वाटते का? फुलांनी आणि आपल्या भाषेतल्या गाण्याने कुणाचा अपमान होत नाही. लोकांना कळेल ते बोला, हा तर चौदाव्या प्रकरणाचाच आग्रह आहे. वेगळ्या बैठकीने मात्र अपमानच होतो, मग ती कितीही शांत आणि नीटनेटकी असो. गीतांबाबत शास्त्रीबुवा बरोबर होते, बैठकीबाबत विल्सन.

गीतांची बाजू पुढच्या काळानेही उचलून धरली. तंजावरात शास्त्रीबुवांची गीतं टिकली. आपल्याकडे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनं उपासनेत आणली. ती आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात.

शिस्त म्हटली की आजही आपल्या मंडळ्यांत चर्चा गिटार हवी की पेटी, टाळ्या वाजवाव्यात की नाही, इथेच अडते. त्याआधीचे प्रश्न असे आहेत: पहिल्या बाकावर नेहमी तेच लोक का बसतात? नव्याने आलेल्या मजूर कुटुंबाला आपली भाषा कळते का? प्रभुभोजनात कोण कुणासाठी थांबतं? उपासना समितीने पहिली बैठक या प्रश्नांना द्यावी. वाद्यांसाठी दुसरी पुरेल.