म्हातारपण कुणाच्या भरवशावर?

(घाटकोपरच्या मेळाव्यातील भाषण)



इथे जमलेल्या बऱ्याच जणींनी मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांत आयुष्यभर धुणीभांडी केली. ना फंड, ना ग्रॅच्युइटी. हातपाय चालतात तोवर पगार. पुढे काय, हा प्रश्न आपण घरातला मानतो. मी म्हणते, तो सरकारी धोरणाचाही आहे.

हिशेब मांडून बघू. 2024 साली लाडकी बहीण योजना आली. वय 21 ते 65, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, महिना 1,500 रुपये. पासष्टी ओलांडली की नाव गेलं. मग श्रावणबाळ योजना. रक्कम तीच; पण 2024 साली तिथली उत्पन्नमर्यादा होती वर्षाला 21,000. म्हणजे अख्ख्या कुटुंबाला महिना 1,750! मुंबईत एवढ्यात कोण जगतं? मुलगा रिक्षा चालवत असला की आई अपात्र. मुलगा तिला पैसे देतो का, हे कुणी विचारत नाही. कालपर्यंत ती सरकारची बहीण होती, आज कुणाचीच नाही.

दुसरं, घर. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत करारनामा नवरा-बायको दोघांच्या नावे करायचा, असं लिहिलेलं आहे. आपल्यापैकी किती जणींनी तो कागद पाहिलाय? झोपडी सोडण्याआधी आपलं नाव तपासा. नवरा गेल्यावर मुलं म्हणतील, "आई, इथे अंगठा दे." वाचून घेतल्याशिवाय देऊ नका. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे. सांभाळायच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. पण ती अट कागदावर लिहून घ्या.

तिसरं, तब्येत. सत्तरीपुढच्यांना 2024 पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. बीपीची गोळी मात्र रोज लागते. आणि सातव्या मजल्यावर राहणारीची लिफ्ट बंद असली, की गुडघे धरून ती दवाखान्यापर्यंत पोचणार कशी?

म्हणून आपल्या मागण्या तीन. श्रावणबाळची उत्पन्नमर्यादा लाडकी बहीणइतकी करा आणि मुलाची कमाई आईच्या नावे धरू नका. घराच्या प्रत्येक करारावर बाईचं नाव आहे, याची प्राधिकरणाने तपासणी करावी. रोजची औषधं वस्तीतच मोफत मिळावीत.

घरी गेल्यावर शेजारच्या आजींचे कागद बघा. कुणाचं काय अडलंय, त्याची वस्तीवार यादी करू आणि ती घेऊन तहसीलदारांकडे सगळ्याजणी मिळून जाऊ.