स्नायूतील गाठ आणि सुईचा उपचार

मान, खांदा किंवा कंबर यांच्या जुनाट दुखण्यात रोगी बोटाने चाचपून जी गाठ दाखवतो, ती मांस वाढून झालेला गोळा नसते. ताठरलेल्या स्नायुतंतूंच्या दोरीसारख्या पट्ट्यातील ती एक अतिशय हळवी जागा असते आणि वैद्यकात तिला ‘ट्रिगर पॉइंट’ म्हणतात. ती दाबली असता कळ तेथेच थांबत नाही. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूतील गाठीची कळ मानेच्या कडेने चढत कानशिलापर्यंत जाते, आणि म्हणून डोकेदुखीच्या गोळ्या घेणाऱ्या एखाद्या रोग्याचे मूळ दुखणे खांद्यात सापडते. स्नायूतील वेदना अशी दूरवर जाणवते, हे लंडनमध्ये जॉन केलग्रेन यांनी मिठाचे तीव्र द्रावण स्नायूंत टोचून 1938 मध्ये दाखवून दिले होते.

या ज्ञानाला उपचाराची शिस्त लावली ती जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन महिला डॉक्टरांनी. जॉन केनेडी यांच्या पाठदुखीवर त्यांनी अशा गाठींत इंजेक्शने दिली आणि पुढे केनेडी अध्यक्ष झाल्यावर त्या व्हाइट हाउसच्या वैद्य झाल्या. डेव्हिड सायमन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ 1983 मध्ये निघाला.

उपचारात रोग्याला शक्यतो आडवे निजवतात, कारण सुई पाहून घेरी येणारे कमी नसतात. मग गाठ दोन बोटांत पक्की धरून बारीक सुई आत घालतात. नेम अचूक लागला तर स्नायूचा तो पट्टा क्षणभर फडफडतो, आणि तेव्हा लिडोकेन हे त्या जागेपुरती बधिरता आणणारे औषध अगदी थोडे सोडतात. खांद्यावर सुई खोल गेली तर फुप्फुसाचे आवरण भेदले जाऊ शकते, त्यामुळे हे काम शरीररचना जाणणाऱ्या हातांचेच आहे.

मात्र गुण औषधाचा की सुईचा, या प्रश्नाने औषधाचे महत्त्व बरेच उणे केले आहे. कारेल लेविट या डॉक्टरांनी 1979 मध्ये नुसत्या कोरड्या सुईनेही वेदना शमते असे नोंदवले, आणि 2001 मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा कोणते द्रव्य टोचले याने फरक पडत नसल्याचे दिसले. सुईचा परिणाम रोग्याच्या विश्वासातून येणाऱ्या गुणापेक्षा अधिक आहे का, हेही त्या आढाव्यातून ठरले नाही. अशा स्थितीत लिडोकेनमध्ये स्टेरॉइड मिसळण्याची काही डॉक्टरांची हौस अनाठायी म्हणावी लागते. मुळात दोन अनुभवी डॉक्टरांची बोटे एकाच खांद्यावर नेमक्या एकाच जागी थांबतील, याचीही खात्री नसते. आणि इंजेक्शनानंतर स्नायू ताणण्याचे व्यायाम केले नाहीत, बसण्याची चुकीची ढब सुधारली नाही, तर उतरलेली कळ पुन्हा डोके वर काढते.