बेड्यावर जाताना

तिवसा तालुक्यातल्या मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली गुरुकुंज आश्रम उभारला. सेवाभाव इथे घरोघरी रुजलेला आहे. म्हणूनच आज सेवा करणाऱ्याच्या हातातल्या सत्तेविषयी बोलायला हवं.

आपल्या अमरावती जिल्ह्यात फासे लावून शिकार करणाऱ्या फासेपारध्यांचे बेडे, म्हणजे वस्त्या, आहेत. इंग्रजांनी 1871 पासून कायदा करून अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का पारध्यांवरही बसला. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, संशय मात्र गेला नाही. गावात चोरी झाली की आजही पहिली नजर बेड्याकडे वळते. त्यातच 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली आणि हातचा धंदाही सुटत गेला.

मग बेड्यावर सेवेसाठी कोणी तरी फॉर्म घेऊन येतं. विचारणारा खुर्चीवर, सांगणारी बाई जमिनीवर, पेन एकाच्याच हातात. तिची घरातली पारधी बोली गुजरातीला जवळची, फॉर्म मात्र सरकारी मराठीत. जातीच्या दाखल्यासाठी 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. ज्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, ज्यांच्या नावावर हातभर जमीन नव्हती, त्यांचा कागद नातवाने आणायचा कुठून? कागद नाही म्हणून सवलत नाही, हा सरळ अन्याय आहे.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनो, बेड्यावर गेलात तर खाली बसा. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. आणि अहवालात ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी’ हे शब्द लिहू नका.